तक्त्यावरचा जांभळा आणि वाटीतला जांभळा



या स्मृतिव्याख्यानमालेत शिक्षणाचं धोरण, मातृभाषा, कुपोषण अशा मोठ्या विषयांवर जाणकार बोलून गेले आहेत. मी आज फक्त रंगांच्या वाट्यांबद्दल बोलणार आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हाती दोन रंग द्यायचे, ते त्यांना मिसळू द्यायचे आणि काय होतं ते बघू द्यायचं, एवढाच विषय. तो तासाभराला पुरून उरेल याची मला खात्री आहे. कारण हा भाग आपल्या बालवाड्यांत जवळपास सगळीकडे शिकवला जातो, आणि मी जिथे जिथे पाहिला तिथे बहुतेक वेळा तो उलट्या बाजूने शिकवला जात होता.

उलट्या बाजूने म्हणजे कसा? भिंतीवर एक तक्ता असतो. लाल, पिवळा आणि निळा असे तीन गोल एकमेकांवर चढलेले. जिथे चढले आहेत तिथे नारिंगी, हिरवा आणि जांभळा छापलेला. ताई पट्टी टेकवतात आणि मुलं एका सुरात म्हणतात, "लाल आणि पिवळा, नारिंगी!" आठवड्याभरात पाठ होतं. पालकसभेत म्हणून दाखवतात, टाळ्या पडतात. मग केव्हातरी, बहुधा रंगपंचमीच्या आधी, वाट्यांतून खरे रंग पुढे येतात. तोवर मुलाला उत्तर माहीत झालेलं असतं. रंग आले आहेत ते त्या उत्तराला दुजोरा द्यायला.

आणि रंग दुजोरा देत नाहीत. मला आज जे काही सांगायचं आहे ते याच गोष्टीभोवती आहे.

एका बालवाडीत पाहिलेला प्रसंग सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण असं कुठेही होतं. टेबलावर पोस्टर कलरच्या बाटल्या होत्या. लाल होता तो शेंदराकडे झुकणारा, टोमॅटोच्या रंगाचा. निळा गडद, कपड्यांच्या निळीच्या जवळचा. साडेचार वर्षांच्या एका मुलीने दोन्ही रंग एका वाटीत घेतले, आइस्क्रीमच्या चपट्या काडीने ढवळले आणि म्हणाली, "चॉकलेट झालं!" आणि खरोखर तसंच झालं होतं. काळपट तपकिरी, कडेला कुठेतरी वांगी रंगाची झाक. ताई म्हणाल्या, "जांभळा झाला ना बाळा? जांभळा म्हण." मुलीने वाटीत पाहिलं. मग तक्त्याकडे पाहिलं. मग ताईंकडे. आणि म्हणाली, "जांभळा."

ताई प्रेमळ होत्या. त्यांच्या आवाजात जरब नव्हती. पण त्या अर्ध्या मिनिटात त्या मुलीच्या पदरात जे पडलं ते रंगाचं ज्ञान नव्हतं. आपल्या डोळ्याला दिसतं ते वेगळं आणि मोठी माणसं सांगतात ते वेगळं असेल, तर मोठ्या माणसांचं म्हणावं, हे ती शिकली. तिचा डोळा बरोबर होता. त्या बाटल्यांपुरता तरी तक्ता चूक होता.

तक्ता का चुकतो ते जरा खोलात जाऊन बघू. मुलांना हे सांगायचं नाही, पण शिकवणाऱ्याला ठाऊक हवं.

रंगाचा लेप स्वतःहून प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातला काही भाग तो गिळतो आणि उरलेला परत पाठवतो. परत येतो तेवढाच आपल्याला दिसतो. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग दडलेले असतात हे न्यूटनने लोलकाच्या साहाय्याने दाखवलं. त्याचं 'ऑप्टिक्स' १७०४ मध्ये प्रसिद्ध झालं. आता पिवळा रंग घ्या. तो प्रकाशातला निळा-जांभळा भाग गिळतो, तांबडा आणि हिरवा परत पाठवतो. आकाशी निळा घ्या. तो तांबडा गिळतो, निळा आणि हिरवा परत पाठवतो. दोघांना एकत्र केलं की दोघांच्याही तावडीतून सुटतो तो एकटा हिरवा. म्हणजे हिरवा कुठून नव्याने आला नाही. तो दोन्हींत आधीपासून होता, बाकीचे गेले म्हणून दिसू लागला.

याच हिशेबाने लाल-निळ्याकडे या. टोमॅटोच्या रंगाचा लाल हिरवा आणि निळा असे दोन्ही भाग गिळून बसलेला असतो, जवळपास तांबडाच तेवढा सोडतो. आणि गडद निळा नेमका तो तांबडा गिळतो. मग उरतं काय? फारसं काहीच नाही. म्हणून वाटीत काळपट तपकिरी दिसतं. त्याच निळ्यात लालऐवजी राणी रंग घालून बघा. राणी रंग मुख्यतः हिरवा गिळतो, तांबडा आणि निळा दोन्ही सोडतो. आता जो जांभळा उतरतो तो पाहून मुलं ओरडतात. इतकंच काय, राणी रंगात पिवळा घातला तर चांगला तांबडा होतो. जो लाल आपण 'मूळ रंग' म्हणून मुलांकडून घोकून घेतो, तोसुद्धा दोन रंगांतून निघतो.

छापखान्यात काम करणाऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. त्याच्या यंत्रात चार शाया असतात: आकाशी निळा, राणी, पिवळा आणि काळा. छापखान्यात त्यांना सायन, मजेंटा, यलो, ब्लॅक म्हणतात. रविवारच्या पुरवणीतलं कुठलंही रंगीत चित्र भिंगाखाली धरा, या चार रंगांचे ठिपके वेगवेगळे दिसतील. लाल-पिवळा-निळा ही तिकडी या चौकडीच्या आधीची. चित्रकार ती वापरत होते, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जेकब ल ब्लोन याने तीन रंगांच्या वेगवेगळ्या पाट्यांवरून रंगीत चित्रं छापली तीही याच तिकडीवर. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथे तर एकेका रंगछटेसाठी वेगळा दगड असे, आणि एका चित्राला पुष्कळ दगड लागत. तीन रंगांत सगळं जग भागतं असं तिथल्या कामाच्या माणसाने गृहीत धरलं नव्हतं. ते तक्त्याने गृहीत धरलं.

बालशिक्षणातल्या मोठ्या माणसांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. फ्रोबेलने मुलांसाठी जी साधनं रचली त्यांतलं पहिलं म्हणजे लोकरीचे सहा चेंडू: तांबडा, पिवळा, निळा, नारिंगी, हिरवा, जांभळा. माँटेसरीबाईंच्या रंगपट्ट्यांच्या पहिल्या पेटीत लाल, पिवळा आणि निळा यांच्या जोड्या असतात. दोन्हींचं काम ओळखण्याचं आणि जोड्या लावण्याचं. ही साधनं मिसळण्यासाठी केलेलीच नाहीत. आपण त्या पेटीतली तिकडी उचलली आणि तिच्यावर बेरजेची चिन्हं लावली. माँटेसरीबाईंची तिसरी पेटी मात्र बालवाड्यांत कमी दिसते. तिच्यात नऊ रंग आणि प्रत्येकाच्या सात छटा असतात, गडदापासून फिक्यापर्यंत ओळीने लावायच्या. रंग मिसळण्याचं खरं शिक्षण या तिसऱ्या पेटीच्या जवळ जातं. कारण मिसळताना मुलाच्या हाताला जे कळतं ते 'किती' हे कळतं.

हा 'किती' मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यावर थोडा वेळ घेते.

सुरुवात नेहमी पिवळ्या आणि निळ्यापासून करावी. ही जोडी फसवत नाही, कुठल्याही बाटलीतले रंग असले तरी हिरव्याच्या घरात पोचवतेच. पांढरी बशी किंवा बर्फाचा पांढरा ट्रे घ्यावा, म्हणजे रंग नीट दिसतो. एका खणात पिवळं पाणी भरावं. निळ्याची बाटली मुलाजवळ ठेवावी आणि हातात औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर द्यावा. सांगायचं इतकंच: "एकेक थेंब टाक आणि बघ." आणि मग आपण गप्प बसायचं. शिक्षकाला हे सगळ्यांत अवघड जातं.

पहिल्या थेंबाला निळा एक धागा होऊन खाली उतरतो, कडा हिरव्या होतात. ढवळलं की लिंबाच्या सालीचा रंग येतो. आणखी एक थेंब, पोपटी. आणखी दोन, पानांचा हिरवा. मग शेवाळी, मग मोरपंखी, आणि शेवटी इतका गडद की मूल म्हणतं, "आता निळाच झाला." एका मुलाला मी हे करताना पाहिलं. त्याने पोपटीवर ड्रॉपर थांबवला, पुढचा थेंब बोटावर घेतला आणि बोट पुसून टाकलं. त्याला पोपटीच हवा होता. कुठे थांबायचं ते चार वर्षांच्या मुलाने स्वतः ठरवलं होतं, आणि त्यासाठी आधीच्या ट्रेमध्ये तो पोपटीच्या पुढे जाऊन आलेला होता. 'लाल आणि पिवळा, नारिंगी' यात थांबायला जागाच नाही. तिथे एकच नारिंगी असतो.

दुसऱ्या दिवशी खेळ उलटा करावा. निळ्याची वाटी आणि पिवळ्याचा ड्रॉपर. मुलं थेंबामागून थेंब टाकतात आणि बराच वेळ काहीच होत नाही. निळा जोरकस, पिवळा नाजूक. पिवळ्याच्या वाटीला निळ्याचा थेंब पुरतो, निळ्याच्या वाटीला पिवळ्याची अर्धी बाटली कमी पडते. भिंती रंगवणारे कारागीर फिक्या रंगात गडद रंग जपून घालतात तो याचसाठी. मुलाला हा नियम शब्दांत सांगायची गरज नाही. दोन दिवसांत त्याच्या हाताला तो कळलेला असतो. तिसऱ्या दिवशी ते निळ्याची बाटली दूर सरकवून आधी पिवळा ओतून घेतं.

पाण्यानंतर कणीक आणावी. कणकेपेक्षा मैदा बरा, कारण कणकेला स्वतःचा रंग असतो. मीठ आणि थोडं तेल घालून दोन गोळे मळावेत, एकात हळद आणि दुसऱ्यात खाण्याचा निळा रंग. मुलाच्या हातात दोन्ही गोळे एकत्र द्यावेत. पाण्यात जे क्षणात होतं ते इथे दहा मिनिटं चालतं. आधी पट्टे उमटतात, पट्ट्यांच्या शिवणीवर हिरवी रेघ दिसते, मग रेघा जाड होतात, आणि मळता मळता पिवळा आणि निळा दोन्ही नाहीसे होतात. माझ्या पाहण्यात बहुतेक मुलं याच टप्प्यावर थांबतात. आणि कुणीतरी विचारतं, "पिवळा कुठे गेला?"

या प्रश्नासाठीच हा सगळा खटाटोप करावा असं मला मनापासून वाटतं. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी दाखवून दिलं की दोन ते सात या वयात घडून गेलेली गोष्ट मनातल्या मनात उलटी फिरवणं मुलांना जमत नाही. पाणी उभट पेल्यात ओतलं की ते त्यांना वाढलेलं दिसतं. रंग मिसळला की पहिला रंग त्यांच्या लेखी संपला. "अरे, तो हिरव्यातच आहे" हे आपण कितीही वेळा सांगितलं तरी त्यांच्यासाठी ते नुसते शब्द. म्हणून सांगू नये. दोन वस्तू हाती द्याव्यात.

पहिली रांगोळी. पिवळी आणि निळी रांगोळी चिमटीने घेऊन मिसळावी. लांबून हिरवट दिसते. हातात भिंग द्यावं. भिंगाखाली पिवळा कण पिवळा आणि निळा कण निळा, शेजारी शेजारी. पाण्यात विरघळलेला रंग दिसत नाही, इथे तो दिसतो. मुलं भिंग वर-खाली करत बसतात, हिरवं येतं आणि जातं. आजीची धूपछाँव पैठणी घरी असेल तर तीही आणायला सांगावी. तिचा ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून पदर हलवला की रंग पालटतो. काठाजवळ मोकळा सुटलेला धागा दिसला तर दोन्ही रंग वेगळे दाखवता येतात. पैठणीला बालवाडीच्या हातांपासून जपणं कठीण असतं हे मला माहीत आहे, पण आजी स्वतः येऊन दाखवणार असतील तर तो दिवस मुलं विसरत नाहीत.

दुसरी वस्तू खडू. पांढऱ्या खडूच्या बुडापासून बोटभर वर हिरव्या स्केचपेनाने ठिपका काढावा आणि खडू बशीतल्या थोड्याशा पाण्यात उभा करावा. ठिपका पाण्याच्या वर राहायला हवा. पाणी खडूत चढत जातं, ठिपक्यापाशी पोचतं, आणि हिरवा रंग सुटायला लागतो. वर एक रंग सरकतो, खाली दुसरा रेंगाळतो. पुष्कळ हिरव्या स्केचपेनांत पिवळा आणि निळा असे दोन्ही रंग असतात, ते इथे वेगळे होतात. सगळ्या पेनांत असतातच असं नाही, म्हणून ताईंनी आदल्या दिवशी घरी करून बघावं. "पिवळा कुठे गेला?" या प्रश्नाचं यापेक्षा प्रामाणिक उत्तर मला ठाऊक नाही. काळ्या पेनाचा ठिपका लावला तर आणखी गंमत. त्यातून काय काय निघतं ते मी सांगत नाही.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगायला हवी. रंग बदलला म्हणजे रंग मिसळला असं नव्हे. हळदीच्या पाण्यात साबणाचं पाणी घातलं की ते तांबडं होतं. वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावल्यावर डाग लाल झालेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कुंकू परंपरेने याच गुणातून बनत आलं आहे, हळद आणि क्षार यांच्या भेटीतून. पानात कात आणि चुना एकत्र आले की ओठ रंगतात तेही असंच. यात लाल रंग कुणी घातलेला नसतो. हळदीचा पदार्थच क्षाराच्या सहवासात आपलं रूप बदलतो. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं, तेही याच जातीचं. मुलांना हे जरूर दाखवावं, पण पिवळ्या-निळ्याच्या खेळाच्या दिवशी नको. आणि चुना मुलांच्या हाती कधीच देऊ नये, डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. साबणाचं पाणी पुरतं.

प्रकाशाचे रंग वेगळ्या नियमाने मिसळतात. तांबडा आणि हिरवा प्रकाश भिंतीवर एकत्र पाडला तर पिवळा दिसतो. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब पडला की त्यातून तांबडे, हिरवे, निळे ठिपके दिसतात ते त्यामुळेच. बालवाडीत यात शिरू नये. आकाशकंदिलाचा पिवळा आणि निळा जिलेटीन कागद एकावर एक धरून खिडकीतून बघितलं तरी पुष्कळ झालं. तो खेळ वाटीतल्या नियमानेच चालतो.

आता साधनांबद्दल. इथे मला कोसबाडची आठवण येते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी घडणीची महागडी माँटेसरी साधनं खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शंख, शिंपले, खडे, पानं, बिया, माती यांतून साधनं उभी केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा गुरांमागे कुरणात नेली. त्या परिसरातल्या वारली घरांच्या कुडावर गेरूचा लाल आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा एवढ्याच रंगांत सगळं जग उभं राहतं. मला म्हणायचं आहे ते असं की रंगाच्या शिक्षणाला रंगांची संख्या लागत नाही. बारा रंगांचा बॉक्स मुलापुढे उघडला तर ते बारा रंग वापरतं, एकही मिसळत नाही. दोन दिले तर मिसळावंच लागतं. तीन दिवस फक्त गेरू आणि पांढरा देऊन बघा. विटकरी, गुलाबी, बदामी, मोतिया किती निघतात ते मुलंच दाखवतील.

अंगणवाडीत खरेदीचे पैसे कमी असतात, म्हणून नेमकं सांगते. एक पिवळा, एक आकाशी निळा, एक राणी, एक पांढरा आणि अगदी लहानशी काळी बाटली. लाल घेऊ नका, तो मुलं करून देतील. हिरवा, नारिंगी, जांभळा तर मुळीच नको. रंग मुलांसाठी म्हणून विकला जाणारा, विषारी नसलेला असावा, कारण बोट तोंडात जातंच. होळीचे सुटे रंग यासाठी वापरू नयेत, त्यांत काय असतं याचा भरवसा देता येत नाही.

तक्त्याचं काय करायचं, असं मला प्रशिक्षणात हमखास विचारलं जातं. तो फाडू नका. तीन गोल जिथे एकमेकांवर चढतात, तिथे पांढरा कागद चिकटवा. मुलांनी मिसळलेले रंग बोटाने कागदाच्या तुकड्यावर लावून, सुकवून तिथे डकवा. एका जागी दहा तुकडे येतील. एकाचा जांभळा अंजिरी, एकाचा वांगी, एकाचा जवळपास काळा, एकाचा गुलाबी. मुलं त्यासमोर उभी राहून वाद घालतात: "हा माझा. मी जास्त निळा घातला होता." ज्या मुलाच्या तोंडी 'जास्त घातला म्हणून' हे येतं, त्याला विज्ञानाची पहिली पायरी वेगळी शिकवावी लागत नाही.

मातकट रंगाबद्दल दोन शब्द. प्रत्येक मूल एकदा तरी सगळ्या वाट्या एकात ओतून चिखल करतं. ताई हळहळतात, रंग वाया गेला म्हणतात. मला तो वाया गेल्यासारखा वाटत नाही. सगळे रंग एकत्र आले की प्रकाशाचा जवळजवळ सगळा भाग गिळला जातो, हे मूल स्वतः करून बघतं. त्या मातकटाला फेकू नका, बाटलीत भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी झाडांची खोडं, घरं आणि म्हशी रंगवायला तोच लागतो. आणि त्यात पांढरा घातला की किती प्रकारची माती निघते ते बघण्यासारखं असतं. काळी, तांबडी, मुरमाड, प्रत्येक गावाची वेगळी.

एका बाबतीत सगळ्या ताईंनी डोळे उघडे ठेवावेत अशी माझी हात जोडून विनंती आहे. काही मुलांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. हे जन्मजात असतं, मुलग्यांत ते आईकडून येतं, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ जास्त आढळतं. असं मूल पानं तपकिरी रंगवतं, हिरवा खडू मागितला तर विटकरी देतं. तक्त्यापुढे ते इतरांच्या सुरात सूर मिसळून बरोबर उत्तर म्हणतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. वाट्यांच्या टेबलावर मात्र ते लगेच कळतं. त्या मुलाला रागावू नका, 'लक्ष नाही' असा शिक्का मारू नका. आईवडिलांना बाजूला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. आणि त्याला खेळातून वगळू नका. पिवळा आणि निळा त्याला चांगले वेगळे दिसतात. गडद-फिकं तर नक्कीच दिसतं, आणि सात छटा ओळीने लावण्यात ते कधी कधी इतरांच्या पुढे असतं.

पालकांशीही थोडं बोलायचं आहे. तुम्ही संध्याकाळी विचारता, "आज वहीत काय केलं?" आणि ज्या दिवशी रंग मिसळले त्या दिवशी वहीत काहीच नसतं. सदरा मात्र खराब असतो. मग शाळेवर दडपण येतं आणि शाळा पुन्हा छापील चित्रं रंगवायला देते, कारण ती वहीत दिसतात. तुम्ही वहीऐवजी नखं बघा. नखांच्या कडेला हिरवं असेल तर विचारा, "हे कसं केलंस?" 'कुठला रंग आहे' असं विचारू नका. 'कसं केलंस' याला मूल पाच मिनिटं उत्तर देतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. कागदावर ते उत्तम आहे. पण घरून वहीची मागणी सुरू राहिली तर शाळेत खेळ टिकणार नाही.

शेवटी मदतनीस ताईंबद्दल, कारण हा सगळा प्रकार त्यांच्या जिवावर चालतो आणि त्यांना कुणी विचारत नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून आहार शिजवणं, मुलांना घरून आणणं, जागा झाडणं ही कामं त्यांच्या वाट्याला आहेत. त्यात रंगांनी भरलेली फरशी कुणी पुसायची? ज्या अंगणवाडीत हे टिकलं, तिथे मी एकच गोष्ट पाहिली. मदतनीस ताईंना आधी रंग मिसळायला बसवलं होतं. त्यांनी राणी आणि निळ्याचा जांभळा स्वतः केला, कुठल्या साडीचा आहे ते ठरवलं, आणि मग मुलांच्या टेबलाखाली जुनी गोणपाटं अंथरायची युक्तीही त्यांनीच काढली. दोन बादल्या पाणी, एक फडकं, आणि शेवटची दहा मिनिटं मुलांनी स्वतःच्या वाट्या विसळायची. विसळताना पाणी गुलाबी होतं, मग फिकट, मग स्वच्छ, तेही मुलं बघत राहतात. त्याला वेळापत्रकात जागा द्या.

प्रश्नोत्तरांनंतर कुणी घाईने निघू नका. बाहेरच्या व्हरांड्यात एका टेबलावर पिवळा, आकाशी निळा, राणी आणि पांढरा, सोबत ड्रॉपर, मैद्याचे गोळे, रांगोळी आणि भिंगं मांडून ठेवली आहेत. खडू आणि पेनंही आहेत. हात धुवायला पाण्याची बादली कडेला आहे. संस्थेच्या विश्वस्तांनी आधी यावं, खरेदीची यादी त्यांनाच करायची आहे.